दार बाहेर उघडणारं घर

रविवार, ४ एप्रिल १९७६

दारं आत उघडतात! दोन्ही. पुढचंही आणि मागचंही.

सांगलीला घर बघायला गेलो आणि मला दिसलं ते हेच. बाकीच्यांना दिसली शहाबादी फरशी, न्हाणीत नळ, स्वयंपाकाला ओटा – उभं राहून भाकरी थापायच्या म्हणे! मिरज रस्त्याच्या आत, ऊस काढलेल्या रानात सोसायटीनं चाळीस घरं आखली आहेत. तीस उभी राहिली, दोनदोनाच्या जोड्या करून. मध्ये बागेची जागा, बालवाडीची जागा, विहिरीवर टाकी. चेअरमन लालासाहेब मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेले. चालतातसुद्धा परेडीवर असल्यासारखे. निळा नकाशा पसरून दाखवत होते. "वहिनी, ह्यो तुमचा संडास. लांब जायचं न्हाई, घराला लागूनच!"

मी वर बघत होते. स्लॅब. एका तुकड्यात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"वजन केवढं असेल हो?" मी विचारलं.

"पन्नास माणसं वर नाचू द्या, हालायचा न्हाई."

वर नाचणाऱ्यांची काळजी कुणाला होती!

आतल्या खोलीतून पुढच्या दारापर्यंत चौदा पावलं. पाटणला भूकंपानंतर मिळालेल्या आमच्या पत्र्याच्या शेडात पाच.

हे लालासाहेबांबरोबर गच्चीवर गेले तेवढ्यात मी पिशवीतून तांब्या काढला. उपडा ठेवला. त्यावर फुलपात्र उपडं, त्यावर वाटी. आमच्याकडची भूकंपाची उतरंड. भुई जरा हलली की वाटी पडते आणि माणूस जागा होतो. कोयनेच्या भूकंपाआधी तीन महिने सारखे हादरे बसत होते, तेव्हा आमचं सगळं गाव अशीच उतरंड लावून झोपायचं. मी अजून लावते. वाटीकडं बघत उभी राहिले. ढिम्म.

हे खाली आले. "आगं, काय मांडलंस हे? लोक बघतील की! हितं भुई हालत न्हाई, म्हून तर आलोय हितं!"

घाईनं आवरताना माझाच हात लागला आणि सगळं खणखणत खाली. माझाच हात, मला ठाऊक होतं, तरी मी दाराकडं पळाले. आत उघडणाऱ्या दाराकडं. लालासाहेब जिन्यातून बघत राहिले.

दोन मेला, अक्षय्य तृतीयेला, चिठ्ठ्या टाकून घरांचे नंबर वाटणार. तोवर हो की नाही ते सांगायचं.

सोमवार, ५ एप्रिल

शाळेत हेडबाईंनी विचारलं, घर कसं आहे? म्हटलं, छान आहे, पण माझी नोकरी सातारा जिल्ह्यातली, बदली कशी होणार! सगळ्यांना हेच कारण सांगते. बरं आहे हे कारण. कुणी पुढं विचारत नाही.

खरं कारण या वहीशिवाय कुणाला सांगणार? मला छताखाली झोप येत नाही. पत्र्याखाली येते, कारण पत्रा पडला तर खोक पडेल, जीव जाणार नाही.

गुरुवार, ८ एप्रिल

आज पावणेतीनला हादरा बसला. चौथीचा वर्ग, भागाकार चालला होता. खिडकीचे गज वाजले आणि पोरं मी सांगायच्या आत उठली, रांगेनं बाहेर, लिंबाखाली. कुणी रडलं नाही, कुणी ओरडलं नाही. दहा मिनिटांनी परत आत, परत भागाकार. केवढी शहाणी पोरं! मला मात्र खडू धरता येईना. हात टेबलाखाली लपवून बसले.

आमची बनू त्याच वर्गात. भूकंप झाला तेव्हा दीड वर्षाची होती, माझ्या कुशीत. अर्जुन चार वर्षांचा. तो यांच्याजवळ, मागच्या भिंतीला. दगडमातीची भिंत, दोन हात जाड, थंडीत ऊब लागते म्हणून त्यानंच हट्टानं तिथं अंथरूण घालायला लावलं होतं. भिंत आत पडली. दार आत उघडणारं – आतून माती दगड भरले, उघडेना. चुलत दिरानं वाशाच्या फटीतून मला आणि बनूला ओढून काढलं. यांचा खांदा मोडला. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तेव्हा औंधला लेकीकडं होत्या म्हणून वाचल्या.

अर्जुनाला दुपारी काढला. अंगावर खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

आणखी एक गोष्ट आहे. ती आज लिहीत नाही.

शनिवार, १० एप्रिल

हे आले. दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं येतात, सोमवारी पहाटे जातात. एसटीच्या वर्कशॉपात फिटर, सांगलीत तिघांत मिळून एक खोली. सात वर्षं असंच चाललं आहे.

जेवताना सुरू झालं.

"काय ठरवलंस?"

"साताऱ्यालाही एक कॉलनी होते आहे. मेहरुनबी आहेत तिथं. कौलारू घरं. माझी बदलीही जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होईल."

"आन् मी? सातारा काय, पाटण काय, मी पुन्ना शनवारचा पावनाच की!"

आत्याबाई मध्ये पडल्या, "दादासो, तुज्या त्या सांगलीत माझी शेरडं ठिवू देतील का, ते सांग आधी."

"न्हाई आये. कोंबडं न्हाई, शेरडू न्हाई. नियमच हाय."

"मग कसली वसाहत म्हनायची ती! आजारी मान्सांचा दवाखाना झाला!"

हे हसले. मीही हसले. मग हे एकदम म्हणाले, "सात वरसं झाली गं. पोरगी मला आबा म्हनती, पर जवळ येत न्हाई." आणि ताटातला भात तसाच ठेवून उठले.

वाईट वाटलं. लय वाईट वाटलं. पण स्लॅब डोळ्यांपुढून जाईना.

बुधवार, १४ एप्रिल

उतरंड पहाटे पडली. बनूला उचलून बाहेर. उंदीर होता.

शनिवार, १७ एप्रिल

हे या आठवड्याला येणार नाहीत, ओव्हरटाइम आहे. मी बनूला घेऊन साताऱ्याला गेले. गोडोलीच्या पुढं माळावर वसाहत. सगळा मुरूम, पहारीला ठिणग्या उडतात. चोवीस घरं, सुटी सुटी, वर मंगलोरी कौलं. रस्ते आखलेले, कडेला करंजाची रोपं, त्यांना काटेरी कुंपण. पाण्याचा टँकर एक दिवसाआड, पण चालेल. आतल्या खोलीतून दारापर्यंत सात पावलं. सात!

मेहरुनबी पत्र्याच्या शेडांत आमच्या शेजारी चार वर्षं होत्या. त्यांचे दिलावरभाई शिंपी, त्यांनी इथं दुकान टाकलं. मला बघून त्यांनी मिठीच मारली. "ये गं बाय ये, किती वाळलीस! भूकंपानं न्हाई मारलं ते शाळा मारतीया व्हय?"

चहा घेताना त्यांच्या फळीकडं लक्ष गेलं. उपडा तांब्या, वर कप, कपावर झाकण.

"हितंबी?"

"हितंबी हालतं की. खडक हाय ना सगळा, तिकडं खुट्ट झालं की हितं कळतं. पर कौलं बारकी गं. एकेक पडतंय. मानूस वाचतंय."

मला वाटलं, हेच. माझ्यासारखंच माणूस शेजारी, भीती लपवायला नको, पिशवीतून चोरून तांब्या काढायला नको. मी म्हटलं, नाव घाला माझं. त्या म्हणाल्या, सेक्रेटरीला सांगते, पाच तारखेपर्यंत पत्र पाठव.

हे सगळं लिहिलं तरी जे लिहायचं ते राहिलंच.

अंगणात बनू त्यांच्या नातीबरोबर भातुकली खेळत होती. दारात भांडी रचत होती – बोळकं उपडं, त्यावर टोपण. त्या पोरीला सांगत होती, अगदी मी वर्गात सांगते तसं: "हे पडलं की मांजर आहे असं म्हणायचं नाही. मांजर म्हटलं की झोप लागते. पळायचं."

मी बशी खाली ठेवून अंगणात गेले.

"बनू, हे कुणी सांगितलं तुला?"

"आबांनी."

सोमवार, १९ एप्रिल

काल वही उघडली नाही. आता लिहिते. लिहिल्याशिवाय सुटका नाही.

त्या पहाटे आमची उतरंड पडली होती. मोठ्या हादऱ्याच्या आधी. किती आधी? एक मिनिट असेल, दोन असतील. मी आवाज ऐकला. खण् – आणि वाटी घरंगळत गेली. अर्धवट जाग आली, आणि डोक्यात आलं – मांजर आहे. झोप. आमच्याकडं तेव्हा पांढरं मांजर होतं, रात्री दुधासाठी यायचंच. थंडी होती. मी बनूवर पांघरूण ओढलं.

दोन मिनिटांत चौघं बाहेर गेलो असतो. चौघं!

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आत्याबाईंना नाही, आईला नाही. यांना तर नाहीच. मनातल्या मनात आलेला शब्द तो. मग यांना कसा कळला? झोपेत बडबडले असेन का मी? तापात? गेल्या वर्षी मला टायफॉइड झाला होता तेव्हा हे आठ दिवस उशाशी होते.

म्हणजे यांना माहीत आहे. किती दिवसांपासून? माहीत असून काही बोलले नाहीत. उलट पोरीला शिकवून ठेवलं – तुझी आई चुकली तशी तू चुकू नकोस.

आता मला स्लॅबची भीती वाटेनाशी झाली आहे. दुसरीच वाटते. त्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ हे समोर असणार. एक दिवस भांडण होईल, आणि हे तो शब्द बोलतील. शनिवारचा पाहुणा आहे तोवर माणूस जपून बोलतो.

सातारा. सातारा म्हणजे सातारा.

शुक्रवार, २३ एप्रिल

यांचं कार्ड आलं. "रविवारी सांगलीला ये. एकदा नीट बघ. मग तू म्हणशील ते. बनूला आण." अक्षर वाकडंतिकडं. मोडलेल्या खांद्यानं लिहितात.

'तू म्हणशील ते' – एवढं गोड का?

रविवार, २५ एप्रिल

सांगली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. यांना वर्कशॉपात दोन तास थांबावं लागलं, मी आणि बनू पुढं गेलो. घर उघडं होतं. आत केरबा सुतार काम करत होता.

पहिली गोष्ट दिसली ती भेग. खिडकीच्या कोपऱ्यातून खाली, बोट जाईल एवढी. मी बोट घालून बघितलं.

केरबा म्हणाला, "काय न्हाई ओ बाई. काळी माती हाय. उन्हाळ्यात फाटती, पावसाळ्यात मिटती. हितली समदी घरं अशीच."

माती श्वास घेते आणि घर तिच्या छातीवर! हे म्हणे न हालणारी भुई. सांगायला पाहिजे होतं मला कुणीतरी आधी.

मग बघते तर केरबा पुढच्या दाराची चौकट काढून उलटी बसवत होता. बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला.

"हे काय करता?"

"दार भाईर उघडाय पायजे म्हनत्यात. दोनी. तुमच्या मालकांनीच सांगितलंय. लालासाहेब लय भांडलं – म्हनलं, नंबर निघायच्या आदी एका मान्सासाठी कसं बदलू? तर मालक म्हनलं, तिसाच्या तिसांना बदला, मी केरबाच्या हाताखाली राबतो. गुरवारी पाळी लवकर सुटती त्यांची, येत्यात. आन् काम झालं की हितं मदी बसत्यात, फरशीवर."

"बसून काय करतात?"

"काय न्हाई. वर बघत्यात. स्लॅबकडं."

बनू नव्या दारातून बाहेर जायची आणि आत यायची. "आई, ढकललं की लगेच बाहेर!" दहा वेळा केलं तिनं.

हे आले. घामेजलेले, हाताला ग्रीस. दाराकडं बोट करून म्हणाले, "बघितलंस?" मी म्हटलं, "बघितलं." आणखी काही बोलले असते, पण मीच म्हटलं, गाडी चुकेल.

सगळ्या तीस घरांची दारं. माझ्यासाठी! का? वेड्या बाईला घाबरवू नये म्हणून? की पोरगी तरी वाचावी – आईचा काही भरवसा नाही म्हणून? गाडीत कराडपर्यंत मला रडू आवरलं नाही. बनू पाठीवरून हात फिरवत होती, मी तिची लेक असल्यासारखी.

बुधवार, २८ एप्रिल

साताऱ्याचं पत्र लिहिलं. पाकिटात घातलं. टाकलं नाही.

शुक्रवार, ३० एप्रिल

आत्याबाई शेरडांना पाला घालता घालता म्हणाल्या, "तुमा दोगांस्नी काय झालंय गं? एकमेकांसंगं बोलताना दोगंबी भुईकडं बगता."

मी म्हटलं, काही नाही.

"मला काय डोळं न्हाईत व्हय? अर्जुना गेला तवापास्नं बगतीया. त्यो येतोय, तुज्या हातातली कळशी घेतोय, आन् गप. तू वाडतीस, आन् गप. भांडा की जरा! शेजारचे बगा कसे भांडत्यात, सुखात हायेत!"

हसू आलं आणि मग येईनासं झालं. उद्या निकाल लावून सांगलीची गाडी धरायची. पाकीट पिशवीत आहे, तांब्याच्या आत.

शनिवार, १ मे

निकाल लागला. बनू पहिली. उड्या मारत आली, म्हणाली, "आबांना कधी सांगायचं?" आम्हाला नाही, आबांना.

ठरवलं. उद्या यांना सगळं सांगणार. ज्यांना आधीच माहीत आहे त्यांना सांगायचं म्हणजे काय – पण माझ्या तोंडून एकदा. मग म्हणेन, मला सातारा द्या. मग हे काय ते बोलू देत. अकरा डिसेंबरच्या पहाटेसुद्धा एवढी भ्याले नव्हते, तेव्हा भ्यायला वेळच कुठं होता!

रविवार, २ मे. अक्षय्य तृतीया

मांडवात नावं पुकारायला सुरुवात झाली होती. यांना विहिरीच्या मागं नेलं. एका दमात सांगितलं. उतरंड पडली ती मी ऐकली. मांजर म्हणून पडून राहिले. माझ्यामुळं गेला तो.

हे माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "तू कुटं? तू उटून बसली हुतीस. मी हात धरून निजवली तुला. मांजर हाय, झोप – मी म्हनलं. मी."

साडेआठ वर्षं तो आवाज मला माझाच वाटत होता.

"दादासो!" लालासाहेबांनी नाव पुकारलं. मांडवात गेलो तसं त्यांनी चिठ्ठ्यांचं मडकं पुढं केलं. यांचा हात इतका थरथरत होता की मडक्यात जाईना.

चिठ्ठी मी उचलली.